एआयशी पोकरचा सराव: जिंकलात म्हणजे तयार झालात का?

मोबाइलवर एआयला पोकरमध्ये हरवलंत? लगेच हुरळून जाऊ नका. २०१७ मध्ये पिट्सबर्गच्या कॅसिनोत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'लिब्रेटस'ने चार व्यावसायिक खेळाडूंना २० दिवसांत, १ लाख २० हजार डाव खेळून हरवलं. ते शिकलं स्वतःशीच असंख्य डाव खेळून. ब्लफ कधी मारायचा हेसुद्धा. मोबाइलमधला प्रतिस्पर्धी सहसा इतका तगडा नसतो.

सरावाने शक्यता मोजायला जमतं. पण चिप्स खोट्या असल्या की हरण्याची भीती नसते. खऱ्या पैशांवर अनेक चुका त्या भीतीपोटीच होतात. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्यानुसार भारतात पैशांचे ऑनलाइन खेळ चालवायला आणि त्यांची जाहिरात करायला बंदी आहे. त्यामुळे 'आधी फुकट सराव, मग खरे पैसे' अशी लिंक आली, तर सावध व्हा!