खातं राहील, कुलूप लागेल

एखाद्या मुलीला अनोळखी माणसाचे मेसेज येऊ लागले, की घरातून पहिला हुकूम सुटतो : अकाउंट बंद कर. त्रास देणारा आपल्या खात्यावर मजेत राहतो. मुलगी मात्र मैत्रिणींच्या गप्पांतून, कॉलेजच्या सूचनांतून, परगावी असलेल्या मामेबहिणीच्या बाळाच्या फोटोंतून एका फटक्यात हद्दपार होते. हा न्याय आम्हाला मान्य नाही. स्त्रीच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे. मग शिक्षा तिनं का भोगायची?

आम्ही खाती बंद करणार नाही. ती खाजगी करू, वापरत राहू, आणि आपलं कोणी पाहायचं हे स्वतः ठरवू. त्यासाठी आज ही चळवळ सुरू करतो आहोत.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठानं खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल एकमतानं दिला. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी आधारच्या निमित्तानं लढलेल्या खटल्याचं हे फळ. हा हक्क आम्हाला रोजच्या जगण्यात, हातातल्या फोनमध्येही वापरायचा आहे.

उघडं खातं ठेवणारा चुकतो असं आम्ही मुळीच म्हणत नाही. जुलै 2021 मध्ये 'सुल्ली डील्स' आणि जानेवारी 2022 मध्ये 'बुल्ली बाई' या ॲपवर मुस्लिम स्त्रियांचे फोटो खोट्या लिलावाला मांडले गेले. ते त्यांच्याच सोशल मीडियावरून उचललेले होते. त्यांच्यात पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या. लोकांशी बोलणं हेच त्यांचं काम. दोष सगळा उचलणाऱ्यांचा. 'फोटो टाकलेच कशाला?' असं विचारणाऱ्याला आमच्यात जागा नाही. ज्याला जगाशी बोलायचं आहे त्यानं बोलावं. ज्याला चाळीस माणसांशीच बोलायचं आहे, त्यालाही तेवढीच मोकळीक हवी.

पण एक बटण दाबलं की झालं, ही समजूत आधी मोडायला हवी. इन्स्टाग्रामवर खातं प्रायव्हेट केलं तरी आधीचे फॉलोअर जागच्या जागी राहतात. ज्याच्यामुळे कुलूप लावायची वेळ आली, तो कदाचित आतच बसलेला असतो. म्हणून खरं काम यादी चाळण्याचं. एकेक नाव वाचायचं आणि ओळख पटेना तर काढून टाकायचं. काढल्याची सूचना त्या माणसाला जात नाही, तेव्हा भीड बाळगायचं कारण नाही. प्रोफाइल फोटो, नाव आणि बायो मात्र प्रायव्हेट खात्यावरही सगळ्यांना दिसतात. ते ओटीवरचं सामान समजावं आणि तिथं शाळेचं नाव, इमारतीचं नाव, फोन नंबर ठेवू नये. दुसऱ्याच्या उघड्या पोस्टखाली लिहिलेली कमेंटही उघडीच राहते. घरगुती मसाले किंवा साड्या विकणाऱ्या ताईंनी हे नीट ध्यानात घ्यावं : बिझनेस अकाउंट प्रायव्हेट होत नाही. धंद्याचं खातं वेगळं काढा, मुलांचे फोटो तिथं नकोत.

फेसबुकवर जुन्या सगळ्या पब्लिक पोस्ट एकदम 'फ्रेंड्स'पुरत्या करण्याची सोय आहे. फार थोड्यांना ती माहीत असते. मे 2020 पासून भारतात प्रोफाइल लॉकही करता येतं. कुलूप लावता येत असताना खातं डिलीट करू नये : डिलीट करणाऱ्यानं तीस दिवसांत मन बदललं नाही, तर वडिलांनी शेवटच्या वाढदिवसाला लिहिलेल्या चार ओळीही खात्याबरोबर जातात. अर्थात कुलूप लावल्यानंतरही आतला माणूस स्क्रीनशॉट काढू शकतोच. म्हणून यादी छोटी आणि भरवशाची हवी.

कंपन्यांकडे आमची मागणी सरळ आहे. इन्स्टाग्राम अठरा वर्षांखालच्या मुलांचं खातं आपोआप प्रायव्हेट ठेवू शकतं, तर मोठ्यांचंही नवं खातं तसंच उघडावं. ज्याला ते खुलं हवं, तो खुलं करेल. 2009 च्या डिसेंबरात फेसबुकनं लोकांसमोर 'एव्हरीवन' हा पर्याय शिफारस म्हणून ठेवला होता. तो रिवाज आता उलटायला हवा.

समाजाकडेही मागणं आहे, आणि ते जास्त अवघड आहे. स्थळ बघताना मुलीचं इन्स्टा लॉक दिसलं की 'काहीतरी लपवतेय' म्हणतात. नोकरी देणारा खातं उघडून दाखवायला सांगतो. नवरा पासवर्ड मागतो आणि त्याला विश्वास म्हणतो. मुलांनी स्नेहसंमेलनात नाच केला की दुसऱ्या दिवशी शाळेच्या उघड्या पेजवर नावानिशी फोटो लागतात, पालकांना विचारण्याची पद्धतच नाही. बंद खात्याबद्दल आम्ही कोणालाही खुलासा देणार नाही आणि कोणाकडे मागणारही नाही. काकूंची फॉलो रिक्वेस्ट महिनाभर तशीच राहिली, तर काकूंनी रागावू नये. दुसऱ्याचा फोटो त्याला विचारल्याशिवाय टाकायचा नाही, हा नियम आम्ही आधी स्वतःला लावतो. लेकरांचे फोटोही त्यात आले.

वर्गणी नाही, सभासदत्वाचा अर्ज नाही. दर वर्षी 24 ऑगस्टला आपापल्या खात्याची यादी चाळायची, आणि त्याच दिवशी ज्याला हे जमत नाही अशा एका माणसाशेजारी बसून, फोन त्याच्याच हातात ठेवून, त्याचंही खातं खाजगी करून द्यायचं. आजी-आजोबांपासून सुरुवात करावी. त्यांचं बहुतेक सगळं उघडं असतं आणि ते त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.