चाच्यांच्या बंदरावर आपली मुलं

मैत्रिणींनो, सुट्टी लागली की घरोघरी एकच तक्रार, "अहो, दिवसभर त्या गेममध्येच डोकं खुपसून बसलेला असतो!" पण त्या गेममध्ये तो नेमका कुठे जाऊन बसतो, हे आपण कधी विचारतो का? चला, आज बघून येऊ.

'स्कल अँड बोन्स' हा युबिसॉफ्ट कंपनीचा खेळ फेब्रुवारी २०२४ मध्ये बाजारात आला. समुद्र आपल्या ओळखीचाच, हिंदी महासागर. त्यातलं सेंट-ॲन बेट मात्र नकाशात शोधू नका, ते कल्पनेतलं आहे. चाच्यांचा अड्डा आहे तो! सुरुवातीलाच आपलं जहाज बुडतं, आणि लहानशा होडीतून मुलगा इथं येऊन पोचतो. स्करलॉक नावाचा म्होरक्या त्याला कामं देतो. बेटावर लोहार आहे, सुतार आहे, जहाज बांधणारा आहे, कपड्यांचं दुकानसुद्धा आहे. इथं मारामारी करता येत नाही. लाकूड जमवा, चार पैसे गाठीला बांधा, मोठं जहाज करा. संसार उभारण्यासारखंच की हे! मुलं रमतात त्यात नवल नाही.

पण माल येतो कुठून? लुटीतून. पुढे तर उसापासून रम आणि खसखशीच्या बोंडांपासून अफू करून चोरून विकायचा धंदाही आहे.

असं एक बेट खरोखरच होतं बरं का. मादागास्करजवळचं सेंट मेरी. १६९१ च्या सुमाराला ॲडम बाल्ड्रिज नावाच्या माणसानं तिथं दुकान थाटलं. चाच्यांना लागेल ते सामान पुरवायचं आणि त्यांची लूट विकत घ्यायची. शेवटी त्यानं बेटावरचीच माणसं गुलाम म्हणून विकली आणि १६९७ मध्ये तिथल्या लोकांनी उठाव केला.

लूट म्हणजे काय, तेही ऐका. १६९५ मध्ये औरंगजेबाचं 'गंज-ई-सवाई' हे जहाज हज यात्रेकरूंना घेऊन सुरतेकडे परतत होतं. हेन्री एव्हरीच्या टोळीनं ते गाठलं. जहाजावर बायका होत्या. अब्रू वाचवण्यासाठी काहींनी समुद्रात उड्या घेतल्या, असं खाफीखानानं लिहून ठेवलं आहे. सेंट-ॲनच्या झगमगत्या बाजारात या बायका कुठेच दिसत नाहीत.

म्हणून गेम खस्सकन बंद करू नका. रागावलात तर तो शेजारच्या घरी जाऊन खेळेल. त्यापेक्षा अर्धा तास शेजारी बसा, "मला दाखव रे तुझं बेट" म्हणा. तो हौसेनं दाखवील. मग सहज विचारा, "ज्यांचं जहाज लुटलंस, त्यांचं पुढे काय झालं?" आणि गंज-ई-सवाईची गोष्ट सांगा. मुलाच्या वयाला झेपेल तेवढीच, हं.

दोन गोष्टी मात्र आधीच पाहून ठेवा. हा खेळ लहान मुलांसाठी नाही. कोणत्या वयासाठी आहे तो आकडा वेष्टनावर किंवा विकत घेण्याच्या पानावर असतो, तो वाचा. आणि आतल्या दुकानात खऱ्या पैशांनीही वस्तू मिळतात. तेव्हा 'ह्यांच्या' कार्डाचा नंबर त्यात साठवलेला नाही ना, हे आज रात्रीच तपासा. महिनाअखेरीला बिल आल्यावर नको!