खारेपाटातलं भातशास्त्र टिकवा

हे आवाहन तिघांना आहे: खाडीकाठी भात लावणाऱ्या शेतकऱ्यांना, कृषी महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींना, आणि ज्यांच्या सहीने पदं भरली जातात त्यांना. मागणी एकच आहे. खाऱ्या जमिनीत भाताचं रोप कसं तगतं, कधी हरतं आणि का हरतं, हे शोधणारं आणि शिकवणारं शास्त्र आपल्या किनाऱ्यावर जिवंत ठेवा. अभ्यासक्रमात त्याला पीक शरीरक्रियाशास्त्र म्हणतात. या शास्त्राची माणसं, त्यांची खारी रानं आणि त्यांचे वर्ग एकेक करून विझू दिले, तर उद्याचं उधाण आपल्याला नुसत्या हाताने झेलावं लागेल.

अलिबाग, पेण, उरण, पनवेल, रोहा, मुरूड या खारेपाट पट्ट्यातली खार जमीन निसर्गाने आयती दिलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी खाडीला बांध घातले, बांधात उघाडी बसवल्या आणि भरतीच्या तोंडातून ही जमीन काढून घेतली. ओहोटीला उघाडीचं दार उघडून पावसाचं पाणी बाहेर जातं, भरतीला दार मिटतं. आषाढाच्या सरी वरच्या थरातलं मीठ धुऊन नेतात, तेवढ्या अवधीत तिथे भात उभं राहतं. उन्हाळ्यात तेच मीठ जमिनीच्या केसनलिकांतून वर चढतं आणि ढेकळांवर पांढरा थर धरतं. गोव्यातल्या खाजनांचंही असंच. तिथे उघाडीला मानस म्हणतात आणि बांध राखायचं काम गावकारीने, म्हणजे गावाच्या सामाईक संस्थेने, शतकानुशतकं केलं.

भात हे मुळात मीठ न सोसणारं पीक आहे. जमिनीतला खारटपणा विद्युतवाहकतेने मोजतात. ती 3 डेसीसायमन प्रति मीटरच्या पुढे गेली की भाताचं उत्पन्न घसरू लागतं, आणि त्यापुढच्या प्रत्येक एककाला सुमारे 12 टक्के घट येते. समुद्राच्या पाण्याची वाहकता 50च्या आसपास असते. बांधाला एक खांड गेली आणि उधाणाचं पाणी दोन दिवस शेतात थांबलं, तर काय होतं हे खारेपाटात कुणाला सांगावं लागत नाही. पण रोपाच्या आत काय होतं, हे सांगणारा माणूस लागतो.

आत दोन घाव बसतात. पहिला तहानेचा. मुळं पाण्यात उभी असतात, पण खाऱ्या पाण्यातून ती पाणी ओढू शकत नाहीत. दुसरा घाव सोडियमचा. तो मुळांतून शिरतो, पाण्याच्या प्रवाहाबरोबर पानांपर्यंत चढतो, पोटॅशियमची जागा बळकावतो आणि पानांची टोकं करपू लागतात. तगणारं रोप यावर उपाय करतं. सोडियम मुळांतच अडवतं, जो निसटून वर येतो तो जुन्या पानांत कोंडून ठेवतं आणि कोवळं पान वाचवतं. वेगवेगळे वाण वेगवेगळ्या वाटेने तगतात. कोणता वाण कोणत्या वाटेने जातो हे डोळ्यांना दिसत नाही. पानं कापून, वाळवून, फ्लेम फोटोमीटरवर सोडियम-पोटॅशियमचं गुणोत्तर काढावं लागतं. संकरासाठी दोन जनक निवडताना ही माहिती नसेल, तर एकाच वाटेचे दोन वाण एकत्र येतात आणि वर्षं वाया जातात.

खारेपाटासाठी सगळ्यात मोलाची गोष्ट याच्यापुढची आहे. भाताचं रोप सगळ्या वयात सारखं नाजूक नसतं. उगवताना आणि फुटवे धरताना ते बरंच सोसतं. कोवळ्या रोपाच्या वेळी, आणि नंतर पोटरीपासून निसवण्यापर्यंत ते फार हळवं असतं. केरळच्या पोक्काळी भातात सापडलेला ‘सॉल्टोल’ हा गुणसूत्रावरचा भाग जगभर वापरला जातो, पण त्याचा फायदा मुख्यतः रोपावस्थेत मिळतो. फुलोऱ्यातली सहनशीलता वेगळी आहे. आपल्याकडे आषाढ-श्रावणात पावसाने मीठ धुतलं जातं, तेव्हा लावणी बहुधा तरून जाते. खरी परीक्षा भादवा-आश्विनात होते. पाऊस हात आखडता घेतो, मीठ वर चढतं आणि नेमकं त्याच सुमाराला पीक निसवायला येतं. लोंबी बाहेर पडते, पण दाणा भरत नाही. दुरून शेत हिरवं दिसतं आणि मळणीला पळिंज निघतं.

रोपावस्थेतली चाचणी ट्रेमध्ये, पोषक द्रावणात, दोन-तीन आठवड्यांत उरकता येते. फुलोऱ्यातली चाचणी तशी होत नाही. तिला पूर्ण हंगाम लागतो, खरी खारी जमीन लागते, दर काही दिवसांनी वाहकता मोजणारे हात लागतात आणि पळिंज व भरलेले दाणे वेगळे मोजायचा धीर लागतो. म्हणजे आपल्याला जे संशोधन सर्वाधिक हवं, तेच सर्वाधिक माणसं, जमीन आणि वेळ मागतं. काटकसरीची कात्री पहिल्यांदा चालते तीही यांच्यावरच.

कुणी म्हणेल, आता जनुक-संपादन आलं, मग शेतात उभं राहून पानं मोजायची गरज काय? 4 मे 2025 रोजी केंद्र सरकारने जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. त्यातला ‘पुसा डीएसटी राइस 1’ हा एमटीयू 1010 या लोकप्रिय वाणातून तयार झाला आणि तो क्षार व दुष्काळ सोसण्यासाठी आहे. त्याचं स्वागतच करू या. पण त्यात बदललेलं डीएसटी जनुक पानांवरच्या पर्णरंध्रांशी, म्हणजे रोप पाणी किती गमावतं याच्याशी, निगडित आहे. कोणतं जनुक बदलायचं हे आधी रोपाचा ताण वाचणाऱ्यांनी दाखवलं, मग कात्री चालली. आणि बदललेलं रोप खारेपाटात आश्विनात दाणा भरतं का, हे कोणतीही प्रयोगशाळा सांगू शकत नाही. ते शेतातच पाहावं लागतं.

हे काम किती लांबच्या पल्ल्याचं आहे, हे ओडिशाच्या एका भाताने दाखवलं आहे. 1943च्या बंगालच्या दुष्काळानंतर 1946 साली कटकला केंद्रीय भात संशोधन संस्था उभी राहिली. ओडिशातल्या एका गावठी भातातून निवडलेला एफआर 13ए हा वाण पुराखाली बुडूनही वाचायचा. उत्पन्न कमी, म्हणून शेतात तो मागे पडला. पण त्याचं बी राखलं गेलं, टाक्यांमध्ये रोपं बुडवून चाचण्या होत राहिल्या. तो वाचतो कसा, याचं उत्तर शरीरक्रियाशास्त्राने दिलं: इतर रोपं बुडाली की पाण्याबाहेर डोकं काढायला धडपडतात आणि साठवलेली शक्ती खर्चून मरतात, हे रोप वाढ थांबवतं आणि शिदोरी राखतं. 2006 साली त्यामागचं ‘सब 1ए’ जनुक जगासमोर आलं आणि 2009 साली तो गुण असलेला ‘स्वर्णा-सब 1’ हा वाण भारतात प्रसारित झाला. सुमारे दोन आठवडे बुडून पुन्हा उभं राहणारं हे भात पूर्व भारतातल्या पूरग्रस्त शेतांत पोचलं. मधल्या कित्येक दशकांत एखाद्या वर्षी कुणी ‘याचा उपयोग काय’ म्हणून टाक्या मोडल्या असत्या, तर ही साखळी तिथेच तुटली असती.

आपली साखळीही काल-परवाची नाही. कर्जतला भातावर संशोधन 1919 पासून चालू आहे. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ 1972 साली स्थापन झालं. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल 1, पनवेल 2, पनवेल 3 हे वाण दिले. गोव्यात खाजनातल्या कोरगुट भातातून निवड करून ‘गोवा धान’ मालिकेतले वाण आले. काळा राता, भुरा राता ही आपल्या किनाऱ्याची गावठी भातं क्षारसहनशीलतेच्या अभ्यासात देशाबाहेरही ओळखली जातात. शेतकऱ्याने राखलेलं बी आणि शास्त्रज्ञाने घेतलेलं माप एकत्र आलं, तेव्हाच हे घडलं.

आज या साखळीवर दोन बाजूंनी संकट आहे. कृषी विद्यापीठांतली शिक्षक-संशोधकांची पदं मोठ्या संख्येने रिकामी आहेत. एक प्राध्यापक निवृत्त झाला की जागा तशीच राहते, आणि ‘पान कसं वाचायचं’ हे त्याच्याकडून शिकणारं मागे कुणी नसतं. ग्रंथालयातली पुस्तकं ही पोकळी भरत नाहीत, कारण करपलेल्या पानाला किती गुण द्यायचे हे एका हंगामात, चिखलात, शेजारी उभं राहूनच शिकता येतं. दुसरीकडे पनवेल-उरणची भूमी विमानतळ, बंदरं आणि नव्या शहरांनी वेढली आहे. तिथल्या प्रत्येक एकरावर डोळा आहे. प्रयोगाचं खारं रान एकदा भरावाखाली गेलं, तर दापोलीच्या जांभ्या जमिनीवर त्याची बदली होत नाही.

‘बाहेरून बी आणू’ हे उत्तरही पुरेसं नाही. 1969 साली स्थापन झालेल्या कर्नालच्या क्षारजमीन संशोधन संस्थेचं काम मोठं आहे, पण तिथले बरेच वाण उत्तरेच्या चोपण जमिनी डोळ्यांसमोर ठेवून काढलेले आहेत. पोक्काळी उंच वाढतं, लोळतं आणि केरळच्या भात-कोळंबीच्या चक्रात बसतं. आपला पाऊस, मोड आलेलं बी फेकायची आपली रहू पेरणी, आपला आश्विनातला खंड यांना सोसणारा वाण आपल्याच रानात पारखावा लागेल.

‘खारेपाट तसाही चालला, आता भात कशाला?’ असंही ऐकू येतं. भात थांबलं की बांधाकडे कुणी फिरकत नाही. खांड मोठी होते आणि खारं पाणी शेजारच्या शेतात, मग विहिरीत शिरतं. समुद्राची पातळी वाढते आहे. सुंदरबन, कुट्टनाड, खाजन, खारेपाट, सगळ्यांपुढे खाऱ्या पाण्याचा एकच प्रश्न उभा आहे. त्याच्या उत्तरासाठी ज्या संशोधकांची गरज पडणार, त्यांनाच आज निरोप देणं हा शहाणपणा नव्हे.

आवाज उठवला तर गोष्टी वाचतात. भातशास्त्रज्ञ डॉ. आर. एच. रिछारिया यांनी छत्तीसगडच्या मुलखातून भाताचे 19,000हून अधिक नमुने जमवले होते. त्यांची रायपूरची संस्था बंद पडली, पण बी उरलं. 2002 साली तो ठेवा एका बहुराष्ट्रीय कंपनीला उघडा करणारा करार बाहेर आला, तेव्हा शेतकरी, शास्त्रज्ञ, कार्यकर्ते रस्त्यावर आले आणि करार बारगळला. खारेपाटाला तर लढ्याची शिकवणी कुणाकडून घ्यायला नको. 1933 साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप पुकारला आणि वर्षानुवर्षं जमिनी पडीक ठेवून तो निभावला. जमीन कसणाऱ्याचा हक्क मिळवण्यासाठी ज्यांनी एवढं सोसलं, त्यांच्या नातवंडांनी ती जमीन कसण्याचं शास्त्र हातचं जाऊ द्यायचं का?

म्हणून ठोस मागण्या मांडू या. शरीरक्रियाशास्त्राची रिकामी पदं भरा आणि ती इतर विषयांत विरघळवू नका. किनाऱ्यावरच्या संशोधन केंद्रांची खारी रानं कायमची राखीव ठेवा. काळा राता, भुरा राता, कोरगुट यांचं बी शीतपेटीत ठेवून थांबू नका, ते दर हंगामात शेतातही पिकवा. कोकणातल्या कृषी पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला लावणीपासून कापणीपर्यंत एक खरीप खार जमिनीत काढू द्या. फुलोऱ्यातल्या चाचण्यांना दरवर्षीच्या मंजुरीत न अडकणारा, दीर्घ मुदतीचा निधी द्या.

आणि आपल्या हातातलं आपण करू या. ग्रामसभेत ठराव घ्या आणि तो विद्यापीठाकडे व आमदारांकडे पाठवा. तुमच्या शेताचा एक कोपरा चाचणीसाठी द्या. खांड कधी गेली, मीठ कधी वर आलं, पीक कधी निसवलं याची वही ठेवा. संशोधकाला ती सोन्याहून मोलाची आहे. घरात जुनं बी असेल तर ते केंद्राला दाखवा. मुंबईतल्या चाकरमान्यांनो, गावच्या मंडळाच्या वर्गणीतला एक वाटा एखाद्या विद्यार्थ्याच्या वाहकतामापकासाठी ठेवा. देशा-परदेशातल्या प्रयोगशाळांत पोचलेल्या दापोलीच्या माजी विद्यार्थ्यांनो, वर्षातून काही तास आपल्या महाविद्यालयाला द्या, एका तरी मुलाला मार्गदर्शन करा. विद्यार्थ्यांनो, स्पर्धा परीक्षा द्या, नोकरी शोधा, त्यात गैर काही नाही. पण तुमच्यातल्या काहींनी तरी हा विषय निवडा. तुमची गरज इथे आहे.

येत्या खरिपाची लावणी होण्याआधी प्रत्येक खारेपाटी गावातून एक तरी ठराव निघाला पाहिजे आणि प्रत्येक ठरावाला लेखी उत्तर मिळालं पाहिजे. उत्तर आलं नाही, तर विचारायला एकत्र जाऊ. बांध फुटला की गाव फावडी घेऊन धावतं. शास्त्राचा बांध फुटतो आहे. आता तसंच धावू या.