रिकाम्या बाटलीचा धनी कोण?

गोटी सोड्याची बाटली गाडीवाल्याच्या हाती परत दिल्याखेरीज गिऱ्हाइकाला तेथून हलता येत नाही. आतल्या सोड्यापेक्षा त्या बाटलीचे मोल अधिक आहे, हे गाडीवाला जाणतो आणि गिऱ्हाईकही जाणते. हिरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ मध्ये पेटंट घेतलेली ही जाड काचेची बाटली आपल्या जत्रांतून अजून दिसते, याचे श्रेय कोणाच्या पर्यावरणनिष्ठेला देण्याचे कारण नाही. ती बाटली गाडीवाल्याची मालमत्ता आहे आणि तो ती सोडत नाही, इतकेच. बाटलीला धनी असेल तर ती परत येते. धन्याने मालकी सोडली की तिचा कचरा होतो, आणि तो उचलण्याचे काम समाजातील सर्वांत दुबळ्या माणसाच्या माथी येते.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये कागद, काच आणि धातू यांच्या वेष्टनांची जबाबदारी उत्पादकांवर टाकणाऱ्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला, तेव्हा त्याची चर्चा उद्योगपतींच्या संघटनांत आणि वकिलांच्या कचेऱ्यांत झाली. श्रमिकांच्या संघटनांत ती फारशी झाली नाही. रिकाम्या बाटल्या हा काय राजकारणाचा विषय आहे, असे आपल्यातील काही साथीही विचारतील. आमचे उत्तर असे की, ज्या व्यवहारात नफा खाजगी राहतो आणि कचरा सार्वजनिक होतो, तो व्यवहार समाजवाद्यांच्या चिंतेचा विषय असलाच पाहिजे.

बाटली परत करण्याची रीत आपल्याला नवी नाही. मुंबईतील ज्येष्ठ पिढीला आरेच्या दूधकेंद्रांपुढील रांगा आठवत असतील. रिकामी बाटली द्यावी तेव्हा भरलेली मिळे. ॲल्युमिनियमच्या पातळ झाकणाच्या त्या बाटल्या डेअरीत धुतल्या जात, पुन्हा भरल्या जात आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा केंद्रावर येत. थंड पेयांच्या बाटल्यांचेही तसेच होते. दुकानदार चोवीस बाटल्यांचे क्रेट मोजून घेई व मोजून परत करी. गिऱ्हाइकाने बाटली घरी न्यायची तर अनामत ठेवावी लागे. गल्लीतून ‘डबा-बाटली’ अशी आरोळी देत जाणारा फेरीवाला उरलेल्या बाटल्या विकत घेई. या सगळ्यामागे कोणतेही अभियान नव्हते. बाटली हे कंपनीचे भांडवल होते, आणि भांडवलदार आपले भांडवल रस्त्यावर टाकून देत नसतो.

परकीय भागभांडवलावरील निर्बंध मान्य न केल्याने कोका-कोला कंपनी १९७७ मध्ये या देशातून गेली. तेव्हा जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते आणि समाजवादी चळवळीला त्या घटनेचा अभिमान वाटला. १९९३ मध्ये ती कंपनी परतली, तेव्हा आपण खेद व्यक्त केला. परंतु पेय स्वदेशी की परदेशी या वादात एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटली. पुढच्या काळात परतीच्या बाटलीची जागा फेकाऊ प्लॅस्टिकच्या बाटलीने आणि दुधाच्या बाटलीची जागा पिशवीने घेतली, त्याबरोबर उद्योगाच्या हिशेबातून खर्चाचे एक मोठे कलम पुसले गेले. बाटली गोळा करणे, परत आणणे, धुणे, तपासणे हा सारा खर्च वाचला. तो खर्च नाहीसा झाला नाही. तो नगरपालिकांच्या तिजोरीवर, गावाच्या ओढ्यानाल्यांवर आणि कचरावेचक बाईच्या पाठीवर गेला. याला आधुनिकता म्हटले गेले आणि आपणही ते निमूटपणे मान्य केले.

त्या पाठीचा हिशेब कोणी ठेवला असेल तर तो तिच्याच संघटनेने. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्या नावातच काच आहे. परंतु कचरा वेचणाऱ्यांच्या पोत्यात काच हा सर्वांत नकोसा माल. ती जड, फुटली की हात कापणारी, आणि किलोमागे मिळणारा भाव नगण्य. अखंड बाटलीला नगावर भाव मिळतो. तीच फुटली की काचकूट म्हणून मातीमोल होते. म्हणजे बाटली जपून उचलण्याच्या श्रमाचे मोल तिच्या पुनर्वापरावर अवलंबून आहे. ज्या बाटलीला पुन्हा भरणारा कोणी नाही, ती उचलणाऱ्याला काहीच मिळत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. काच आली म्हणजे निसर्ग वाचला, असे मुळीच नाही. काच वितळवण्यासाठी भट्टीत सुमारे १५०० अंश सेल्सियस तापमान अहोरात्र राखावे लागते. फुटलेली काच वितळवून नवी बाटली करण्यासही भट्टी पेटवावीच लागते. एकदाच वापरून फेकलेली काचेची बाटली, तिचे वजन आणि इंधन जमेस धरता, प्लॅस्टिकहूनही महाग पडू शकते. तिच बाटली दाहक सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन वीस-पंचवीस वेळा भरली, तर एका भट्टीचा खर्च तितक्या फेऱ्यांत वाटला जातो. तेव्हा पुनर्चक्रीकरण आणि पुनर्वापर हे दोन शब्द एकच समजून चालणार नाही. पहिल्यात बाटली मोडते आणि दुसऱ्यात ती टिकते. ‘शंभर टक्के पुनर्चक्रीकरणयोग्य’ असे लेबलावर छापणाऱ्या उत्पादकाला, ही बाटली तू परत घेणार काय, हा प्रश्न विचारला पाहिजे.

कायद्याने हा प्रश्न विचारलाच नाही असे नाही. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत काच, पत्रा, प्लॅस्टिक यांच्या फेकाऊ वेष्टनांच्या उत्पादकांनी स्थानिक संस्थांना अर्थसाहाय्य द्यावे, असे म्हटले होते. महाराष्ट्राच्या २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीच्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर किमान पन्नास पैशांची परतखरेदीची किंमत छापण्याची तरतूद होती. ते पन्नास पैसे किती घरांत परत आले, हे वाचकांनी आपल्याच घरी विचारून पाहावे. प्लॅस्टिकच्या वेष्टनांसाठी उत्पादकांच्या जबाबदारीची प्रमाणपत्रे निघू लागली, तेव्हा २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळालाच सुमारे सहा लाख प्रमाणपत्रे बनावट असल्याचे आढळले. जबाबदारी कागदावर विकत घेता येऊ लागली की ती जबाबदारी राहत नाही. काचेच्या बाबतीत हेच पुन्हा घडू द्यायचे काय, हा आजचा प्रश्न आहे.

मार्ग नाही, असे म्हणणाऱ्यांनी जर्मनीतील एका सहकारी संस्थेकडे पाहावे. तेथील खनिज पाण्याच्या उत्पादकांनी १९६९ मध्ये आपल्या सहकारी संस्थेमार्फत ०.७ लिटरची एक सामायिक बाटली स्वीकारली. लेबल ज्याचे त्याचे, बाटली मात्र सर्वांची. त्यामुळे ती कोठेही परत करता येते आणि जवळच्या कोणत्याही सभासदाच्या कारखान्यात भरता येते. अशी बाटली चाळीस-पन्नास फेऱ्या करते. परंतु त्याच देशाचा दुसरा अनुभवही सांगितला पाहिजे. फेकाऊ बाटल्यांना आळा बसावा म्हणून तेथे २००३ पासून त्यांच्यावर सक्तीची अनामत लावण्यात आली. त्या बाटल्या परत येऊ लागल्या, पण वितळवण्यासाठी. पुन्हा भरायच्या बाटल्यांचा वाटा घटतच गेला. २०१९ च्या कायद्याने सत्तर टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले, तरी प्रत्यक्ष वाटा त्याच्या बराच खाली आहे. केवळ अनामतीने पुनर्वापर होत नाही. त्यासाठी बाटली सामायिक असावी लागते आणि ती धुण्याची सोय जवळ असावी लागते, हा यातला धडा.

आपल्या देशातही एक प्रयोग झाला आहे. जंगलात फुटक्या बाटल्यांनी वन्यप्राणी जखमी होतात म्हणून मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने निलगिरी जिल्ह्यात मे २०२२ पासून सरकारी मद्यदुकानांत बाटलीमागे दहा रुपये अनामत घेण्यास सुरुवात झाली. मद्याच्या प्रश्नावर मतभेद असोत. लोक बाटली परत आणतात, हे त्यातून सिद्ध झाले. पण योजना इतरत्र नेताना दुकानांतील कर्मचाऱ्यांनी तक्रार केली की बाटल्या घेण्याचे, मोजण्याचे, साठवण्याचे काम वाढले आणि माणसे मात्र तेवढीच राहिली. ही तक्रार रास्त आहे. बाटली परत येते म्हणजे कोणाच्या तरी हातांनी येते. त्या हातांचा मोबदला योजनेत धरला नसेल, तर ती पर्यावरणाच्या नावाने केलेली वेठबिगारच होय.

आक्षेप आणखीही आहेत. काच जड असल्याने वाहतूक महाग पडते. ही गोष्ट खरी आहे, आणि म्हणूनच परतीची बाटली लांबच्या बाजारपेठेपेक्षा जवळच्या उत्पादकाला अनुकूल असते. कोकणातील कोकम सरबताचे छोटे उत्पादक, जिल्ह्यातले दूधसंघ, लोणची-मुरंबे करणारे महिला बचत गट यांना आज दुरून नव्या बाटल्या आणाव्या लागतात. त्यांना एक समान बाटली आणि तालुक्याच्या ठिकाणी धुलाई केंद्र मिळाले, तर विकेंद्रित उत्पादनाला बळ मिळेल. स्वच्छतेचा आक्षेप त्याहून हलका आहे, कारण धुण्याची आणि प्रकाशासमोर धरून तपासण्याची यंत्रे जुनीच आहेत. काच-भट्टीवरील कामगाराचा प्रश्न मात्र हलका नाही. नव्या बाटल्यांची मागणी घटली तर त्याचे काम घटेल. हा प्रश्न आपण त्याच्यापासून लपवता कामा नये. धुलाई, तपासणी, वाहतूक यांत निर्माण होणाऱ्या कामावर त्याचा पहिला हक्क मान्य करूनच ही मागणी मांडली पाहिजे.

आमची मागणी चार कलमांची आहे. खाद्यपेयांसाठी दोन-तीन प्रमाण आकारांच्या बाटल्या शासनाने निश्चित कराव्यात आणि त्यांवर कोणत्याही कंपनीचे नाव काचेत कोरण्यास मनाई असावी. या बाटल्यांची मालकी उत्पादक, कचरावेचक आणि धुलाई कामगार यांच्या सहकारी संस्थेकडे असावी. उत्पादकांच्या जबाबदारीचे मोजमाप प्रमाणपत्रांनी न करता पुन्हा भरलेल्या बाटल्यांच्या संख्येने करावे. आणि बाटल्या गोळा करणाऱ्या व धुणाऱ्या कामगारांसाठी, १९६९ च्या माथाडी कायद्याच्या धर्तीवर, उत्पादकांच्या अधिभारावर चालणारे मंडळ असावे.

स्वदेशीच्या काळात सामान्य माणसांकडून एकेक पैसा जमवून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. त्या पिढीने एका पैशाला क्षुद्र मानले नाही. आपणही रिकाम्या बाटलीला क्षुद्र मानू नये. प्रत्येक तालुका शाखेने येत्या दोन महिन्यांत आपल्या भागातील भंगार गोदामे, बाटल्या धुणाऱ्या स्त्रिया, छोटे उत्पादक आणि दूधसंस्था यांची गाठ घेऊन बाटली कोठून येते, कोठे जाते आणि कोणाला किती मिळते, याची नोंद करावी. आणि ज्या शिबिरांत आपण श्रमप्रतिष्ठेवर व्याख्याने देतो, तेथील व्यासपीठावरून पाण्याच्या फेकाऊ बाटल्या आधी खाली उतरवाव्यात. शिबिर संपल्यावर त्या कोण वेचते, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे.