इंग्रजीच्या मास्तरानं रील्स बघू नयेत?

मागच्या महिन्यात एका मुलाखतीला गेलो होतो. कॉलेजचं नाव सांगत नाही. संशोधनाचा विषय विचारला. म्हणालो, "नायगाव-नरसी पट्ट्यातली प्रचाराची भाषणं, व्हॉट्सअॅपचे फॉरवर्ड आणि रील्स. माणसाला पटवायची भाषा कशी चालते, ते बघतोय." समोरचे एक साहेब हसले. "अहो, इंग्रजीचे ना तुम्ही? शेक्सपिअर करा, मिल्टन करा. हे काय पोरखेळ!"

तिथं गप्प बसलो. पोटाचा प्रश्न होता. आता इथं बोलतो.

साहेब, शेक्सपिअरच करतो मी. सेट पास आहे, तासिका तत्त्वावर आहे, आठवड्याला नऊ तास. त्यातल्याच एका तासाला 'ज्युलियस सीझर' घेतलं, तिसरा अंक, दुसरा प्रवेश. ब्रूटस गद्यात बोलतो, कारणं सांगतो, लोक टाळ्या वाजवतात. मग अँटनी उठतो. ब्रूटसला सन्माननीय म्हणत म्हणतच त्याचा मान उतरवतो. मृत्युपत्र हातात धरून ठेवतो, पण लोक गयावया करेपर्यंत वाचत नाही. शेवटी आकडा सांगतो : प्रत्येक नागरिकाला 75 द्राख्मा. मागच्या बाकावरून एक पोरगं म्हणालं, "सर, हे तं खात्यात पैसे टाकायची घोषणा हाय की!"

अख्खा वर्ग हसला. त्या दिवशी कुणालाच गाईड लागलं नाही. पुढच्या तासाला पोरांनी आपापल्या गावातली भाषणं मोबाईलवर आणली आणि कुठं कारण दिलंय, कुठं नुसती भावना पेटवलीय, कुठं फक्त बोलणाऱ्याच्या वजनावर काम भागवलंय, ते वेगळं काढलं. अॅरिस्टॉटलनं पटवण्याचे हेच तीन मार्ग सांगितलेत. तो पोरखेळ करत होता का?

आणि हे काही मी नायगावात बसून काढलेलं खूळ नाही. मार्शल मॅक्लुहान टोरांटोत इंग्रजीचाच प्राध्यापक होता. केंब्रिजची पीएच.डी. जुन्या वक्तृत्वशास्त्रावर केली आणि 1964 साली माध्यमांवरचं पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी रिचर्ड हॉगर्ट या इंग्रजीच्याच प्राध्यापकानं बर्मिंगहॅमला लोकसंस्कृतीच्या अभ्यासाचं केंद्र काढलं. तिकडं झालं की 'थिअरी', इकडं केलं की पोरखेळ. व्वा!

बरं, तिकडचं सोडा. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात म. ना. वानखडे इंग्रजी शिकवायचे. अमेरिकेत शिकून आले आणि तिथल्या कृष्णवर्णीय लेखकांचं लेखन इथल्या दलित लेखकांसमोर ठेवलं. इंग्रजीचं ज्ञान आपल्या माणसांच्या कामी आणणं म्हणतात ते हे. आणि आपल्या नांदेडचे कुरुंदकर गुरुजी? विषय मराठी, पण मनुस्मृतीपासून नाट्यशास्त्रापर्यंत सगळं सामान्य माणसाला कळेल असं मांडायचे. 10 फेब्रुवारी 1982 ला औरंगाबादला व्याख्यान देतानाच गेले. आजच्या गुणांच्या तक्त्यात त्यांच्या गावोगावच्या व्याख्यानांना किती गुण पडले असते, विचारा कुणाला तरी.

त्या तक्त्याचंही सांगतो. मला फोन येतात, "सर, पेपर द्या, सात दिवसांत छापून देतो." पैसे भरा, कुणी वाचणार नाही असा लेख छापा, गुण घ्या. यूजीसीनं 2018 मध्ये केअर यादीची घोषणा केली, 2025 मध्ये ती गुंडाळली. यादी गेली, फोन काही बंद झाले नाहीत. त्या छापील कागदाला संशोधन म्हणायचं आणि माझ्या पोरांच्या वह्यांना नाही?

एक आक्षेप मात्र रास्त आहे. "पोरांना साधं व्याकरण येत नाही, आणि तुम्ही रील्स घेऊन बसता." खरंय, येत नाही. म्हणून तर पॅसिव्ह व्हॉइस मी सरकारी नोटिशीवरून शिकवतो. 'निर्णय घेण्यात आला आहे', 'निधी वितरित करण्यात आला आहे'. कुणी घेतला? कुणी केला? कर्ता कुठं गेला? 'इट हॅज बीन डिसायडेड' म्हणजे काय, ते पोरांना एका तासात कळलं. कर्ता लपवायची सोय म्हणजे पॅसिव्ह, हे आमच्या पोरांना आयुष्यभर पुरेल.

कारण शेवटी फसतं कोण? नोकरीच्या खोट्या मेसेजला पैसे भरणारा, दोन मिनिटांत कर्ज देणाऱ्या अॅपवर आधार टाकणारा, क्लासच्या फ्लेक्सवरचे फोटो बघून बापाला एकर विकायला लावणारा, तो माझ्याच वर्गातला असतो. त्याला शब्दांची चलाखी ओळखायला शिकवणं इंग्रजी विभागाचं काम नसेल, तर मग कुणाचं आहे?

मागणी मोठी नाही. नव्या धोरणात संवादकौशल्याचे पेपर आलेच आहेत, त्यात तयार नमुन्यांऐवजी आपल्या चौकातला फ्लेक्स, आपल्या गावचं भाषण घ्या. मराठीत, लोकांना कळेल असं लिहिलेलं संशोधनात धरा. आणि रिकाम्या जागा भरा. पुढच्या वर्षी आपण इथं असू की नाही हे ज्या मास्तरला माहीत नाही, तो अशी कामं पाच-दहा वर्षं कशी रेटणार?

मुलाखतीचा निकाल लागलाय. 'अन्य उमेदवाराची निवड करण्यात आली आहे.'

कर्ता ओळखा.

— तासिका तत्त्वावरचा एक मास्तर, नायगाव (जि. नांदेड)