शिस्त रक्तात असते का?

भाच्याच्या कॅम्परव्हॅनमधून म्युनिकहून साल्झबुर्गला निघालो होतो. ए-८ महामार्गावर ऑगस्टच्या सुट्टीची गर्दी. दोन तास अडकलो, थर्मासमधला चहाही संपला. फोटो ग्रुपवर टाकला, तर एका सरांचं उत्तर आलं, "जाम असेल, पण शिस्त बघा! आपल्या रक्तातच नाही ती."

शिस्त मी पाहिली, खोटं कशाला बोलू? वेग मंदावताच डाव्या लेनमधल्या गाड्या डावीकडे सरकल्या, बाकीच्या उजवीकडे. मध्ये वाट मोकळी. भाचा म्हणाला, "मामू, ही ॲम्ब्युलन्ससाठी. सायरन ऐकायच्या आधीच सोडायची."

पण याच देशात, जुलै २०१७ मध्ये ए-९ वर म्युन्शबेर्गजवळ बस ट्रेलरला धडकून पेटली, १८ माणसं गेली. तेव्हा बचाव पथकाला कित्येक गाडीवाल्यांनी वाट दिली नाही. त्यांचं रक्त कोणतं होतं, सर? त्याच ऑक्टोबरात वाट न सोडण्याचा दंड २० युरोंवरून किमान २०० युरो झाला. आता वर महिनाभर गाडी चालवायला बंदी.

कायदा आपल्याकडेही आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार ॲम्ब्युलन्सला वाट न देणाऱ्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हा दंड भरलेला माणूस तुम्ही पाहिलात? मी तरी नाही. आणि लायसन्स काढताना मागून सायरन आला तर गाडी कुठे घ्यायची, हे मला कुणीही विचारलं नव्हतं. तुम्हाला विचारलं होतं का?

वीस वर्षं वर्गात उभा आहे. मुलांचं रक्त तपासून मी कधी शिकवायला सुरुवात केली नाही.