आरोग्याचे चार शब्द : 'ईनो कुठं औषध आहे?'

मंडळाच्या गणपतीच्या जेवणानंतर एका सभासद भगिनींनी आम्हाला बाजूला घेतले. त्यांच्या सासूबाईंना सीएमएल, म्हणजे रक्ताचा एक प्रकारचा कर्करोग आहे. उपचार घरीच, डासाटिनिबची रोज एक गोळी. "गोळीनं त्यांना मळमळतं, म्हणून जेवण झालं की गोळी आणि पाठोपाठ ईनो देते. चालतं ना?" डॉक्टरांना सांगितलंत का, असे आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, "अहो, ईनो कुठं औषध आहे?"

त्यांना हसू नका. दवाखान्यात औषधांची यादी मागतात तेव्हा आपण सगळेच बीपीची आणि मधुमेहाची गोळी सांगतो. ईनो, डायजीन, खाण्याचा सोडा, भारतातून येताना बॅगेत भरलेल्या पँटोप्राझोलच्या स्ट्रिपा हे आपल्या हिशेबी औषधच नसते. अमेरिकेत तर ओमेप्राझोलही २००३ पासून चिठ्ठीशिवाय मिळते. किराणा आणताना तेही पिशवीत येते.

आता घोटाळा कुठे होतो ते पाहा. डासाटिनिबसारखी गोळी विरघळते ती पोटातल्या आम्लात. आम्ल मारले की ती नीट विरघळत नाही, आणि न विरघळलेले औषध रक्तात न जाता तसेच बाहेर पडते. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचे पातळ औषध (आपले डायजीन त्याच जातीचे) डासाटिनिबबरोबरच दिले तेव्हा रक्तात पोचणारे औषध ५५ टक्क्यांनी घटले. तेच दोन तास आधी दिले तर जवळजवळ काहीच फरक पडला नाही. म्हणून अशा औषधांत आणि या गोळीत दोन तासांचे अंतर ठेवायला सांगतात.

पण हा दोन तासांचा हिशेब सगळ्यांना लावू नका! फॅमोटिडिन दहा तास आधी घेतले तरी घट ६१ टक्के होती. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल तर आम्ल तयार होणेच बंद करतात, आणि एका गोळीचा परिणाम दिवसभर राहतो. तिथे घड्याळ पाहून उपयोग नाही. फुप्फुसाच्या कर्करोगावरच्या एर्लोटिनिबचेही तेच, ओमेप्राझोलबरोबर ते ४६ टक्क्यांनी कमी पोचते. उलट सीएमएलवरच्याच इमॅटिनिबला ओमेप्राझोलने फरक पडत नाही. तेव्हा शेजारणीला चालले म्हणून आपल्याला चालेल असे नाही.

आम्हाला खरी भीती वाटते ती याची, की हे घडताना रोग्याला काही जाणवत नाही. उलट जळजळ थांबल्याने बरेच वाटते. पुढच्या तपासणीत रक्ताचे आकडे बिघडलेले दिसतात आणि डॉक्टर म्हणतात, औषध लागू पडत नाही.

मात्र हे वाचून कुणी पित्ताची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. ॲस्पिरिन घेणाऱ्या पुष्कळांना ती पोटातून रक्तस्राव होऊ नये म्हणून दिलेली असते. घरातल्या सगळ्या बाटल्या, पुड्या, स्ट्रिपा एका पिशवीत भराव्या आणि फार्मासिस्टपुढे ओताव्या. लाजायचे कारण नाही, त्यांना सवय असते.

त्या भगिनींनी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांच्या नर्सला फोन केला. सासूबाईंची गोळी आता सकाळी असते, ईनो लागलेच तर रात्री. मळमळीवर वेगळी गोळी लिहून मिळाली आहे. रक्ताची तपासणी पुढच्या महिन्यात आहे.